बॅग कोणी भरली?

परदेशी जाणाऱ्या विमानाच्या काउंटरवर बॅग वजनकाट्यावर ठेवली की पुष्कळदा एक प्रश्न विचारतात: ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का? रांगेतले काका लगेच ‘हो’ म्हणतात. शेजारी उभ्या असलेल्या काकू काहीच बोलत नाहीत. बावीस वर्षं मी पुण्याहून सहली घेऊन जाते आहे आणि या क्षणी दर वेळी माझं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे जातं. रात्री एक-दीडपर्यंत जागून मग पहाटेच्या गाडीनं मुंबईचं विमानतळ गाठलेला तो चेहरा असतो. काकांची बॅग काकूंनीच भरलेली असते. मुलाचीही त्यांनीच. सासूबाईंच्या बॅगेत गरम पाण्याची पिशवी आठवणीनं टाकलेली असते. त्यांची स्वतःची बॅग सगळ्यात शेवटी भरलेली असते, हाताला लागेल ते घालून.

सहलीच्या आधी मला जे फोन येतात त्यांत मापाचेच प्रश्न जास्त असतात. स्वेटर एक पुरेल की दोन, बॅग किती इंची घ्यावी, साड्या न्याव्यात की ड्रेसच बरे. त्यांची उत्तरं मी देते, ती अवघड नाहीत. पण सामान भरण्याचा जो धसका घराघरांत असतो तो मापांमुळे नसतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. एकाच माणसानं चार-पाच जणांच्या दहा दिवसांचा अंदाज बांधायचा आणि त्यात काही राहिलं तर तो दोष त्याच्या माथी यायचा, खरा ताण याचा आहे. हे मला लेहमध्ये कळलं.

२०१६ चा जून महिना होता. आम्ही अठ्ठावीस जण मुंबईहून रात्री दिल्लीला आणि तिथून पहाटेच्या विमानानं लेहला उतरलो. पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा आल्या, दोन आल्या नाहीत. लेहमध्ये दुपारी वारा वाढतो, म्हणून तिथली विमानं बहुतेक सकाळीच ये-जा करतात. म्हणजे राहिलेली बॅग दुसऱ्या दिवशीच येणार हे उघड होतं. कपड्यांची सोय होते, ग्रुपमध्ये कोणी ना कोणी स्वेटर देतंच. पण त्यातली एक बॅग अडुसष्ट वर्षांच्या एका काकांची होती. त्यांना रक्तदाब होता, मधुमेह होता आणि सगळ्या गोळ्या त्या बॅगेत होत्या.

मी त्यांना गोळ्यांची नावं विचारली. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “एक पांढरी गोल आहे, एक गुलाबी, बारीक. आणि रात्रीची अर्धी.” रंगावरून त्या इतकी वर्षं गोळ्या काढून देत होत्या, नावं त्यांनाही पाठ नव्हती.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. हवा विरळ, त्यामुळे पहिला दिवस खोलीत पडून काढायचा असतो, धडधाकट माणसाचंही डोकं दुखतं. अशा ठिकाणी रक्तदाबाची गोळी चुकवणं मला नको होतं. काकांच्या फोनला रेंज नव्हती. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. माझ्या फोनवरून पुण्याला मुलाला गाठलं. तो हिंजवडीतल्या ऑफिसातून सिंहगड रोडवरच्या घरी गेला, कपाटातली फाइल काढली आणि डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवला. लेहमधल्या डॉक्टरांनी काकांना तपासलं, बाजारातून गोळ्या आणल्या, संध्याकाळचा डोस वेळेवर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगही आली. प्रसंग निभावला.

माझ्या मनात राहिल्या त्या काकू. हॉटेलच्या सोफ्यावर बसून त्या रडत होत्या. “पर्समध्ये ठेवायला हव्या होत्या मी. इतकं सगळं घेतलं आणि हेच कसं राहिलं?” खरंच त्यांनी सगळं घेतलं होतं. काकांचा मफलर, जादा चष्मा, नेलकटर, थर्मल, त्यांना आवडते म्हणून भाजक्या शेंगदाण्यांची पुडी. दोन माणसांचं दहा दिवसांचं आयुष्य त्यांनी एकटीनं डोक्यात धरलं होतं. त्यांना कोणी रागावलं नाही. काका त्यांच्या शेजारी हातावर हात ठेवून बसले होते. पण गोळ्या काकांच्या आहेत, तेव्हा त्या सांभाळणं हेही काकांचंच काम आहे, असं त्या वेळी कोणीच म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सहलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही सगळ्या मेंबरांना एकत्र बोलावतो. हवामान कसं असेल, हॉटेलं कशी आहेत, काय न्यायचं, सगळं सांगतो. पूर्वी मी तिथे सामानाची यादी वाचून दाखवायचे आणि खुर्च्यांमधल्या बायका ती लिहून घ्यायच्या. लेहनंतर मी पहिलंच वाक्य बदललं. ज्याची बॅग त्यानं भरायची, आणि यादीही ज्याची त्यानं लिहायची. मग सगळ्यांना कागद वाटते. सुरुवातीला पुरुष मंडळी बायकोकडे बघतात आणि बायका माझ्याकडे. “ताई, ह्यांना नाही जमायचं. दोन शर्ट टाकतील आणि झालं म्हणतील,” असं दर बैठकीत कोणीतरी म्हणतंच. मी म्हणते, टाकू द्या. दोन शर्टांवर दहा दिवस निघतात. रात्री धुऊन वाळत घालता येतात, नाहीतर मनालीच्या मॉल रोडवर, लेहच्या बाजारात तिसरा मिळतो. शर्ट कमी पडला म्हणून एखाद्याची सहल वाया गेली, असं बावीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही.

सहल बिघडते ती चार गोष्टींनी. औषधं, चष्मा, कागदपत्रं आणि पायातले बूट. पहिल्या तीन गोष्टी हातातल्या पिशवीत हव्यात, बॅगेत टाकून विमानाच्या पोटात जाऊ द्यायच्या नाहीत. औषधांच्या नावांचा कागद वेगळा, खिशात. बूट नवे असले तर निघण्याआधी निदान पंधरा दिवस घालून फिरायला हवं. आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरून घेतलेले कोरे बूट घालून आलेल्या माणसाचे पाय तिसऱ्या दिवशी सोलवटलेले असतात, आणि मग रोहतांगला काय नि पहलगामला काय, तो बसमध्ये बसून राहतो. एवढ्या चार गोष्टी जागेवर असल्या की बाकी बॅगेत काय राहिलं आणि काय नाही, याची धास्ती धरायचं कारण नाही.

बॅग स्वतः भरण्याला आणखी एक कारण आहे. ते पटवायला मी दुबईच्या सहलीतली गोष्ट सांगते. दिवाळीनंतरचा ग्रुप होता. मुंबई विमानतळावर काउंटरकडे जायच्या आधी मी सगळ्यांना बाजूला घेऊन खाऊ काय काय आहे ते विचारते. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, “माहीत नाही, आईनं भरलंय.” बॅग उघडायला लावली. कपड्यांच्या खाली स्टीलचा डबा निघाला, त्यात वीस-पंचवीस अनारसे. वरून छान खसखस लावलेली. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती न्यायला बंदी आहे. त्या माउलीनं प्रेमानं तळलेल्या अनारशांसाठी मुलाला परक्या देशात अधिकाऱ्यांपुढे उभं राहावं लागलं असतं. आम्ही तो डबा तिथेच फोडला आणि सगळ्यांनी अनारसे खाल्ले. फार चांगले झाले होते. मुलाला मी एवढंच सांगितलं की बॅग कोणीही भरो, कायद्याच्या लेखी ती नेणाऱ्याची असते.

दुबईला जाताना कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळीसुद्धा परवानगीशिवाय नेता येत नाही. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी घरीच ठेवायची. सुकं खोबरं तेलकट, लवकर पेट घेणारं, म्हणून पुष्कळ विमान कंपन्या ते घेत नाहीत. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत चालत नाही, जवळच्या पिशवीतच ठेवावी लागते. ती चुकून मोठ्या बॅगेत गेली म्हणून विमानात चढायच्या वेळी माणसाला परत बोलावलेलं मी कितीदा पाहिलं आहे. आणि तो माणूस तिथेही बायकोलाच फोन लावतो, “अगं, पॉवर बँक कुठे ठेवलीस?”

पण खाऊ नेऊच नका, असं मी कधी सांगत नाही. बसमध्ये मागच्या सीटवरून चिवड्याचा डबा फिरत पुढे येतो, तेव्हा अनोळखी माणसांचा ग्रुप होतो. मेतकूट, कोरडी चटणी, दशम्या, खाकरे यांना वजन फारसं नाही आणि जाताना खाल्ले की परतीला तेवढी जागा मोकळी.

कमी सामानात माणूस किती सुखी असतो, हे मी केदारनाथला दर वर्षी बघते. मोठ्या बॅगा खाली सीतापूर किंवा गुप्तकाशीच्या हॉटेलात ठेवायच्या आणि गौरीकुंडाहून पाठीवर एक छोटी सॅक घेऊन वर चढायचं. २०१३ च्या पुरानंतर वाट बदलली, आता ती सोळा किलोमीटरच्या आसपास आहे. वर एक मुक्काम. मंदिर साडेअकरा हजार फुटांच्याही वर, थंडी अंगात शिरते. एका रात्रीसाठी आदल्या संध्याकाळी सॅक भरायला सांगितलं की हॉटेलच्या मजल्यावर धांदल उडते. जे दहा दिवसांचं सामान बॅगेत मावलं नव्हतं, त्यातलं काय न्यायचं आणि काय नाही, याचा निर्णय आता स्वतः करायचा असतो. शेजारच्या खोलीत डोकावतात, मला फोन करतात, पुन्हा उपसतात.

एका वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एक काकू होत्या, पासष्टीच्या. त्यांची सॅक दहा मिनिटांत तयार. एक जोड, रेनकोट, कानटोपी, जादा मोजे, गोळ्या, राजगिऱ्याच्या वड्या, छोटा टॉर्च. इतक्या लवकर कसं जमलं विचारलं, तर म्हणाल्या, “वीस वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत जाते, ताई. वळकटी दिंडीच्या ट्रकात आणि खांद्याला पिशवी. दर साली तेच सामान. विचार कशाला करायचा?” त्या संध्याकाळी मजल्यावरच्या चार-पाच जणींनी त्यांच्या पलंगाभोवती बसून आपापल्या सॅक भरल्या. दोन दिवसांनी खाली आल्यावर त्यातली एक मला म्हणाली की संसाराला लागल्यापासून पहिल्यांदा मी फक्त माझं सामान उचललं. तिचं हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

माझ्या लहानपणी वडील होल्डॉल बांधायचे. सतरंजी, चादरी, उशा, त्यातच सगळ्यांचे कपडे. गुडघा दाबून चामड्याचे पट्टे आवळायचे. सोबत लोखंडी ट्रंक आणि फिरकीचा तांब्या. फलाटावर प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं, मी सात वर्षांची असताना तांब्या माझ्याकडे होता. वजन कळायचं, कारण ते हाताला लागायचं. पुढे बॅगेला चाकं आली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला १९७२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं उभी ओढायची, लांब दांड्याची बॅग काढली. ज्येष्ठांना त्या चाकांनी प्रवास मोकळा करून दिला, हे मी रोज पाहते. पण चाकांमुळे वजन कळेनासं झालं हेही खरं. घरातल्या गुळगुळीत फरशीवर वीस किलोही सहज सरकतात. कळतं ते थेट सिमल्याच्या हॉटेलच्या पायऱ्यांवर. म्हणून मी सांगते, बॅग भरून झाली की ती उचलून आपल्या इमारतीचा एक जिना चढा. जमलं नाही तर काढा. देशातल्या विमानाला बहुतेक ठिकाणी पंधरा किलो चालतात, पण जिना चढताना मला नऊच्या वर झेपत नाहीत, म्हणून माझी बॅग नऊ किलोंची असते.

तिच्यात काय असतं हे विचारतात, म्हणून सांगते. चार वरचे कपडे, दोन पँट, सगळे एकमेकांवर जुळतील अशा रंगांचे. एक जोड म्हणजे कुर्ता, आतले कपडे, मोजे असं सगळं एकत्र गुंडाळून एका कापडी पाऊचमध्ये. सकाळी एकच पाऊच काढायचा. आमच्या धंद्यात ‘सहा-सात-आठ’ म्हणतात: सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. त्या घाईत बॅग उपसायला वेळ नसतो. साडी न्यायचीच असेल तर परकर-ब्लाउजसकट तिचाही एकच पाऊच. जड वस्तू चाकांच्या बाजूला, बुटांच्या आत मोजे. मळक्या कपड्यांना वेगळी पिशवी. एक पंचा, तो टॉवेल होतो, उन्हात डोक्याला होतो, बसमध्ये उशी होतो. बॅगेच्या आत वरच नाव आणि फोन लिहिलेला कागद, कारण बाहेरचा टॅग तुटतो. उरलेली जागा मी रिकामी ठेवते.

बॅग आठ दिवस आधी खोलीच्या कोपऱ्यात उघडून ठेवावी. येता-जाता जे आठवेल ते त्यात पडतं. आदल्या दिवशी संध्याकाळी चेन लावायची आणि मग उघडायची नाही. सकाळी फक्त ब्रश आणि चार्जर. एका रात्रीत भरलेल्या बॅगेत ‘असू दे, लागेल’ म्हणून टाकलेलं निम्मं सामान असतं आणि ते घडी न मोडता परत येतं. ढीगभर स्वेटर नेण्यापेक्षा एक नीट थर्मल आणि वर वारा न शिरणारं जॅकेट, एवढं लडाखलाही पुरतं.

मुलांचं म्हणाल तर आठ वर्षांच्या मुलाला बॅग भरता येते. केरळच्या सहलीत एक मुलगा होता, त्याच्या बॅगेत गोष्टींची तीन पुस्तकं, भिंग, दोरीचा गुंडा आणि चड्ड्या दोनच. आईला फार संकोच वाटत होता. पण त्यानं मुन्नारला चहाची पानं भिंगातून सगळ्या ग्रुपला दाखवली, अलेप्पीच्या हाउसबोटीवर ती दोरी कपडे वाळत घालायला बांधली आणि रोज रात्री स्वतःची चड्डी स्वतः धुतली. पुढच्या वेळी तीन नेईन, असं त्यानं आपण होऊन आईला सांगितलं.

लेहचे ते काका-काकू २०१९ मध्ये माझ्याबरोबर भूतानला आले. विमानतळावर भेटल्याबरोबर काकांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून मला दाखवला. पाच गोळ्या, नाव, मात्रा, वेळ, त्यांच्याच अक्षरात. काकूंच्या हातात लहानशी निळी बॅग होती. आदल्या रात्री त्या साडेदहाला झोपल्या होत्या.

ज्याच्या घरात सुट्टीचं बुकिंग झालं असेल त्याला माझं एवढंच सांगणं आहे. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकाच्या हातात एक कोरा कागद आणि पेन द्या. आजोबांना द्या, सहावीतल्या मुलाला द्या. काउंटरवरच्या त्या प्रश्नाला तुमच्या घरातल्या प्रत्येकाला खरं ‘हो’ म्हणता येऊ दे.